कारमध्ये एकटीच माणसं जास्त की सोबतीने जाणारी? मोजलं पण ताळमेळ लागेना

वहीपेन: काल सकाळी ऑफिसच्या वेळेला सिग्नलपाशी उभा राहून लागोपाठ 20 कार मोजल्या. 14 मध्ये नुसता ड्रायव्हर, 4 मध्ये दोघं, 2 मध्ये चौघं. म्हणजे सरासरी दीड माणूस आणि 70 टक्के गाड्यांत एकच जण. पण कारने जाणाऱ्या ओळखीच्यांना विचारलं तर निम्म्याहून जास्त म्हणतात आम्ही कुणाबरोबर तरी जातो. मग चुकलं कोण, मी की ते?

गणितवेडी: दोघंही बरोबर आहात. तुम्ही गाड्या मोजल्यात, आता त्याच 20 गाड्यांतली माणसं मोजा. एकूण 30, त्यातली एकटी 14 आणि सोबत असलेली 16. झाली ना निम्म्याहून जास्त? चौघांच्या गाडीबद्दल सांगणारे चार जण असतात आणि एकट्याच्या गाडीबद्दल एकच, म्हणून भरलेली गाडी उत्तरांत चारदा येते. प्रत्येकाला "तुमच्या गाडीत किती जण" विचारून सरासरी काढलीत तर दीड नाही, दोनच्या थोडी वर येईल. रस्त्यावर गर्दी किती होणार हे बघायचं असेल तर गाड्या मोजायच्या, माणसं कशी फिरतात ते बघायचं तर माणसं. या दोन गोष्टींची सरमिसळ फार होते म्हणून एवढं लांबण लावलं.

मागचीसीट: शिवाय वेळ कुठली ते बघा हो. कामावर जाताना गाड्या सगळ्यात रिकाम्या, सुट्टीच्या दिवशी, फिरायला, लांबच्या प्रवासाला भरलेल्या. मी मुलीला क्लासला सोडते तेव्हा जाताना दोघी आणि येताना मी एकटी, तुम्ही कुठल्या बाजूला उभे आहात त्यावर माझी गाडी "एकटी" का "दुकटी" ते ठरणार. आणि मागे काळी काच असेल तर झोपलेलं पोर दिसतच नाही, ते राहूनच जातं.

लेन3: जकार्तात 1992 पासून काही मोठ्या रस्त्यांवर गर्दीच्या वेळी कारमध्ये किमान तिघं हवेत असा नियम होता. मग पैसे घेऊन गाडीत बसणारे लोक रस्त्याच्या कडेला उभे राहायला लागले, काही बायका तान्ह्या बाळाला कडेवर घेऊन, कारण दोन डोकी मोजली जायची. 2016 ला नियम काढला. तेव्हा वाटलं असेल की नाहीतरी लोक फसवतातच, काय फरक पडणार, पण संशोधकांनी गूगल मॅप्सवरच्या वेळा तपासल्या तर कोंडी वाढलेली, आणि तीही ज्या रस्त्यांवर नियम कधी नव्हताच तिथेसुद्धा. म्हणून म्हणतो, गाडीत एक माणूस जास्त बसला की सगळ्या रस्त्याला फरक पडतो.

वहीपेन: @गणितवेडी ताई, हिशोब परत मांडून बघितला, 14 जण म्हणणार 1, 8 जण 2 आणि 8 जण 4, बेरीज 62, भागिले 30, बरोबर आहे. रविवारी संध्याकाळी त्याच जागी दोन्ही बाजूंनी मोजतो. टॅक्सीतला ड्रायव्हर धरायचा की सोडायचा तेवढं सांगा कुणीतरी.

गणितवेडी: वेगळा रकाना करा त्याचा. तो स्वतःच्या कामाने कुठे जात नसतो, त्याला धरलंत तर एका प्रवाशाची टॅक्सी पण "दोघं" म्हणून मोजली जाईल.