‘किड्यापासून माणूस’ म्हणे, आणि शास्त्रज्ञ दर दहा वर्षांनी पलटी मारतात म्हणे

निवृत्त_मास्तर_अमळनेर
काल आमच्या ग्रुपवर एक पोस्ट आली, तुमच्याकडेही फिरली असेल. "स्वीडनच्या समुद्रात एक किडा सापडला, मेंदू नाही, गुदद्वार नाही. आधी म्हणाले चपटा कृमी, मग म्हणाले शिंपल्याच्या जातीचा, मग म्हणाले माणसाचा नातेवाईक, मग म्हणाले नाही. यांनाच ठाऊक नाही आणि आपल्या पोरांना शिकवतात." खाली हसणाऱ्या तोंडांची रांग. एकतीस वर्षं झूलॉजी शिकवलं, झोप लागली नाही म्हणून लिहितोय, लांबेल, कंटाळा येईल त्याने शेवभाजी खायला निघून जावं.

तो किडा म्हणजे झेनोटर्बेला. १९१५ ला सिक्स्टन बॉक या स्वीडिश प्राणिशास्त्रज्ञाने गाळातून काढला, १९४९ ला वेस्टब्लाडने वर्णन छापलं. दिसायला टाकून दिलेल्या मोज्यासारखा, तोंड पोटाखाली, आणि जे आत जातं त्याचा उरलेला चोथा त्याच तोंडातून बाहेर. १९९७ ला डीएनए काढला तर शिंपल्याचा निघाला. का, तर हा बाबा शिंपलेच खातो, पोटातल्या जेवणाचा डीएनए वाचला गेला! म्हणजे भरीत खाऊन बसलेल्या माणसाचं सॅम्पल घेतलं आणि रिपोर्ट आला, पेशंट वांगं आहे. २००३ ला दुसऱ्यांनी ते जेवण वेगळं काढून पाहिलं तेव्हा प्राण्यांच्या वंशवृक्षात तो तारामासा, बॅलॅनोग्लॉसस (वाळूत राहणारा समुद्री किडा) आणि आपण ज्या फांदीवर बसलोय तिथे येऊन बसला. याला पलटी मारणं म्हणत नाहीत, चूक सापडणं म्हणतात. चूक सापडायला आधी शोधावी लागते, फॉरवर्ड करून सापडत नाही.

धरणगावचा_जिनिंगवाला
सर मान राखून बोलतो, पण तुम्ही अर्धंच सांगितलं. २००३ नंतरचं का गाळलं? २०१६ ला परत म्हणाले की तो आपल्या फांदीवर नाहीच, पार बुंध्याशी आहे. २०१९ ला परत फांदीवर. म्हणजे पोस्टवाला काय खोटं बोलला? माझ्या कापसाचा ग्रेडर असा चार वेळा ग्रेड बदलेल तर मी त्याला दुसऱ्या दिवशी घरी बसवीन.

निवृत्त_मास्तर_अमळनेर
गाळलं नाही, झोप आली. २०१६ चं ऐका. या किड्यांचे, विशेषतः त्याचे भाऊबंद असलेल्या एसील नावाच्या चिमुकल्या समुद्री किड्यांचे, जीन्स भराभर बदललेत. कॉम्प्युटरला भराभर बदललेली फांदी दिसली की तो तिला बुंध्याकडे ढकलतो, कारण तिथल्या दुसऱ्या लांब फांद्यांशी ती उगाच जुळते. यात्रेत हरवलेली दोन मळकी पोरं पोलिसांना एका घरची वाटावी तसं. २०१९ वाल्यांनी ही ओढ कमी धरणारं गणित लावलं तर किडा तारामाशाच्या आणि बॅलॅनोग्लॉससच्या शेजारी आला.

लॅबवाली_ताई
सर तुम्ही बॅलॅनोग्लॉससचं नाव काढलं म्हणून. आमच्या लॅबला फॉर्मलिनची बरणी होती, त्यात तो तीन तुकडे होऊन पडलेला, सोंड एकीकडे, गळपट्टी एकीकडे, धड तळाशी. प्रॅक्टिकलला पोरं बरणीकडे बघायचीच नाहीत, पुस्तकातलं चित्र काढायची आणि खाली "बरणीवरून काढले" लिहायची. बाहेरचे परीक्षक यायचे तेही बरणीकडे न बघता मार्क द्यायचे. एकदा एका पोरीने खरंच तीन तुकडे काढले, तिचे दोन मार्क कापले! माझं ऐकून घ्यायला कोण बसलंय, मी असिस्टंट.

निवृत्त_मास्तर_अमळनेर
त्या पोरीचे मार्क कापायला नको होते. तो खरंच तसाच तुटतो. तामिळनाडूतल्या मंडपमच्या टूरला ओहोटीच्या वाळूत गांडुळासारखीच गोल गोल विष्ठेची वेटोळी दिसली, खालून हाताने उकरलं, हळू धरूनही अर्धाच हातात आला. आणि वास! आयोडोफॉर्मचा, जुन्या दवाखान्यात जखमेला लावायचे त्याचा. दोनदा साबण लावला तरी संध्याकाळच्या इडलीला ड्रेसिंगरूमचा वास येत होता. त्या चिकट तुकड्याच्या गळपट्टीमागे दोन ओळीत भोकं होती, कल्लाविदरं. आपला गर्भ चार-पाच आठवड्यांचा असताना मानेशी ज्या खाचा असतात, तोच नकाशा. २०१५ ला याच्या दोन भाऊबंदांचा जीनोम वाचला तर कल्ले घडवणाऱ्या जीन्सचा जो गठ्ठा आपल्यात शेजारी शेजारी बसलाय, तोच तिथेही शेजारी शेजारी निघाला.

रावेरचा_केळीवाला
सर मी अडाणी, पण नात्याचं म्हणाल तर मले गांडूळ जवळचं वाटतं, त्याचं रक्त लाल असतं, तुमच्या तारामाशाले तर रक्तच नाही. आणि गांडुळाचं नाव निघालं म्हणून सांगतो, तीन वर्षांपूर्वी एका माणसाने गांडूळ खताचे चार बेड विकले, म्हणे हे लाल परदेशी गांडूळ, महिन्यात दुप्पट. मे महिना, बाहेर पंचेचाळीस. सकाळी पोतं उचललं तर बेडमध्ये गांडुळाची वेणी घातल्यासारखा गुंता, मेलेला, आणि मुंग्यांची लाईन. फोन केला तर म्हणतो पाणी कमी मारलं तुम्ही. अहो मी केळीवाला आहे, मले पाणी शिकवतो!

पाचोऱ्याची_शेतकरीण
दादा, बेडवर शेड होती का? नुसतं पोतं टाकून उन्हात मरणारच. आमचे जिवंत आहेत, निंबाच्या सावलीत, वरून उसाचं पाचट.

रावेरचा_केळीवाला
शेडनेट होतं ताई. हिरवं. पन्नास टक्क्यांचं.

पाचोऱ्याची_शेतकरीण
पन्नास टक्क्यांचं मे महिन्यात! मग त्या माणसाला शिव्या कशाला देता. आणि ते लाल गांडूळ, आयसेनिया फेटिडा, वरच्या शेणकचऱ्यातच राहतं, आपल्या काळ्या जमिनीत खोल जात नाही, पळणार कुठं बिचारं.

धरणगावचा_जिनिंगवाला
वा. किड्याचं नातं राहिलं, आता शेडनेटची टक्केवारी.

रावेरचा_केळीवाला
तुमचं जिनिंग एसीत चालतं वाटतं भाऊ, आमचे पैसे गेलेत म्हणून बोलतोय!

निवृत्त_मास्तर_अमळनेर
भांडू नका. केळीवाले, लाल रक्ताचं बरोबर आहे, गांडुळातही हिमोग्लोबिन असतं, पण ते पेशीत नाही, नुसतं प्लाझ्मात विरघळलेलं. ऑक्सिजन वाहायची गरज सगळ्यांनाच, म्हणून तेवढ्यावर भाऊबंदकी ठरत नाही. ठेवण बघा. गांडुळाची मज्जारज्जू पोटाकडून जाते, आपली पाठीतून. जोफ्रॉय सेंट-हिलेर हा फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ १८२२ ला म्हणाला होता, शेवंड उलटा टाकला की रचना आपल्यासारखी दिसते. लोक हसले. १९९० च्या दशकात फळमाशीचे आणि बेडकाचे जीन्स पाहिले तर पाठ-पोट ठरवणारी जोडी दोन्हीकडे तीच, फक्त उलट बाजूंना. तेव्हा गांडुळाला तुम्ही अगदीच परकं म्हणू नका, लांबच्या सासुरवाडीसारखं आहे, उलटं बसणारं.

चोपडा_एमएस्सी
सर, २०२१ चा पेपर राहिला. त्यात म्हटलंय की ज्या फांदीवर तुम्ही तारामासा आणि आपल्याला एकत्र बसवलं ती फांदीच, ड्युटेरोस्टोम, डेटात भक्कम दिसत नाही. म्हणजे तारामासा-बॅलॅनोग्लॉसस ही जोडी पक्की, पण ती आपल्याच शेजारी आहे हे तितकं पक्कं नाही.

धरणगावचा_जिनिंगवाला
घ्या. फांदीच मोडली. पाचवी पलटी.

निवृत्त_मास्तर_अमळनेर
मोडली नाही, हलली. बरं, ठीक आहे, मी पहिल्या पोस्टमध्ये "आपण ज्या फांदीवर बसलोय" असं ठासून लिहायला नको होतं, एमएस्सीवाल्याचं बरोबर, आता खूश? पण हे तुम्हाला फॉरवर्डवाल्याने सांगितलं नाही, त्याच लोकांनी आपल्याच जुन्या कामावर शंका घेऊन छापलं. आणि एक. पाठीचा कणा असलेल्यांना सगळ्यात जवळचं कोण, तर समुद्राच्या दगडाला चिकटलेली पाण्याची पिशवी, ट्युनिकेट. वर्षानुवर्षं आम्ही अँफिऑक्सस शिकवला जवळचा म्हणून, माशासारखा दिसतो म्हणून. २००६ ला उलटं निघालं. पिशवीचं पिल्लू शेपटीत पृष्ठरज्जू, म्हणजे कण्याच्या आधीची आधाराची दांडी, घेऊन पोहतं, मग दगडाला डोकं टेकतं आणि शेपूट गिळून बसतं. मी तर पंधरा वर्षं चुकीचं शिकवलं, माझ्या पोरांचे मार्क कोण परत करणार ते सांगा जिनिंगवाले.

धरणगावचा_जिनिंगवाला
सर ते मला नका विचारू. पण ग्रेडरला घरी बसवणार नाही, एवढं लिहितो. तुमच्यासाठी नाही, त्या पिशवीसाठी.

लॅबवाली_ताई
त्या पोरीचे दोन मार्क तरी द्या कोणी.

रावेरचा_केळीवाला
ताई, शेडनेट पंचाहत्तरचं घेऊ का नव्वदचं? जाऊ द्या, सकाळी विचारतो. लाईट उनी, मोटर लावाले जातो.