मदत हवी आहे: मागच्या डॅना ३५ अ‍ॅक्सलच्या जागी फोर्ड ८.८, वेल्डिंग आणि पिनियनचा कोन

गाडी जीप रँग्लर टीजे. पुढे डॅना ३० अ‍ॅक्सल, मागे डॅना ३५, गिअर रेशो ३.७३. टायर ३३ इंची घालून मागे लॉकर (दोन्ही चाकं एकत्र फिरवणारा) बसवायचा आहे. त्या जोरापुढे २७ स्प्लाइनचे (टोकाला २७ दाते असलेले) शाफ्ट टिकणार नाहीत, आणि शाफ्ट फक्त आतल्या टोकाच्या सी-क्लिपने (छोट्या कडीने) धरलेला असल्यामुळे तुटला की चाकासकट बाहेर सरकतो.

३० स्प्लाइनचे शाफ्ट आणि लॉकर असा किट मिळतो, पण रिंग गिअर आणि अ‍ॅक्सलच्या नळ्या जुन्याच राहतात. तिथे पैसे घालणं पटत नाही. म्हणून भंगारातला १९९५ ते २००१ च्या एक्सप्लोररचा ८.८ घ्यायचा विचार आहे. ३१ स्प्लाइन, डिस्क ब्रेक, चाकाचे बोल्टही तेच, ५ वर ४.५ इंच. सी-क्लिप इथेही आहेतच, असो. ३.७३ चाच शोधतोय, म्हणजे पुढचे गिअर उघडायला नकोत.

अडलंय ते वेल्डिंगपाशी. ८.८ च्या नळ्या मधल्या ओतीव भागात दाबून बसवून मोजक्याच ठिकाणी वेल्ड केलेल्या असतात आणि जोर आला की त्यात फिरू शकतात, म्हणून वेल्ड करायच्याच. आधी किती तापवायचं? समोरासमोर छोटे टाके घेत गेलं तर नळी वाकत नाही ना? सील आधीच काढायचे हे माहीत आहे.

दुसरं, मागे डबल कार्डन (एका टोकाला जोडसांधा असलेला) ड्राइव्ह शाफ्ट आहे. गाडी चाकांवर उभी असताना पिनियन (अ‍ॅक्सलचा हा शाफ्ट जोडला जातो तो गिअर) ट्रान्स्फर केसच्या (जोर पुढच्या-मागच्या चाकांना वाटणाऱ्या गिअरबॉक्सच्या) रोखाने ठेवून १ ते २ अंश खाली घेणार. सस्पेन्शनच्या लिंकचे बुश मऊ असतील तर आणखी खाली घ्यावं का? ब्रॅकेट टॅक करण्याआधी (तात्पुरते टाके घालण्याआधी) उत्तर मिळालं तर बरं.

हँडब्रेकच्या केबल कुणी जोडल्या असतील तर तेही सांगा.