मदत हवी आहे : होडीच्या तळातील जाम झालेला व्हॉल्व्ह

नमस्कार. कोकणातून घेतलेली आमची जुनी फायबरची शिडाची होडी नाथसागरात उतरवण्यापूर्वी पैठणला शेडमध्ये ठेवली आहे. इंजिन थंड ठेवण्यासाठी बाहेरचे पाणी आत घेणारा तळातला व्हॉल्व्ह इंजिनाखाली, जेमतेम मनगट जाईल अशा सांदीत आहे आणि त्याचा दांडा हलतच नाही. आरसा धरून स्क्रू-ड्रायव्हरने खरवडले, तर पितळेच्या पिवळ्या रंगाऐवजी गुलाबी छटा दिसली. म्हणजे खाऱ्या पाण्यात त्यातले जस्त निघून गेले असावे, आणि असा ठिसूळ व्हॉल्व्ह जोर लावताच तुटतो, याचीच धास्ती आहे. इंजिन न उचलता तो काढून ब्राँझचा बसवता येईल का? पुढे नियमित उघडझाप करता यावी म्हणून दांड्याला लांब जोड कोणी दिला आहे का? वाळूजकडे असे काम करणारा फिटर ठाऊक असल्यास कृपया कळवावे.