पीएलएमध्ये क्लेचे थर सुटे झाले, हे कशावरून मानावे?

प्रश्न
पॉलिलॅक्टिक अ‍ॅसिड या जैवविघटनशील प्लास्टिकमध्ये, म्हणजे पीएलएमध्ये, वजनाने ५ टक्के ऑर्गॅनोक्ले (सेंद्रिय अमोनियम संयुग लावलेली थरयुक्त चिकणमाती) घालून ते मिश्रण मी ट्विन-स्क्रू एक्स्ट्रूडरमधून (दोन स्क्रूंनी वितळवून मिसळणाऱ्या यंत्रातून) १८० अंश सेल्सिअसला काढले. क्लेच्या भुकटीच्या एक्सआरडी (क्ष-किरण विवर्तन) आलेखात ४.८ अंशांजवळ दिसणारे शिखर फिल्मच्या आलेखात नाहीसे झाले आहे. तेवढ्यावरून थर पूर्णपणे विलग झाल्याचे प्रबंधात लिहिणे योग्य ठरेल का? फिल्म मात्र नुसत्या पीएलएपेक्षा ठिसूळ झाली आहे.

उत्तर १
केवळ तेवढ्या आधारावर तसे लिहू नये. तांब्याच्या क्ष-किरणांसाठी ४.८ अंश म्हणजे थरांमधील सुमारे १.८ नॅनोमीटर अंतर; कोन जितका लहान, तितके अंतर मोठे. आपण मोजणी २ अंशांपासून सुरू केली असेल, तर ४.४ नॅनोमीटरहून अधिक अंतराने फुगलेले, पण अजूनही एकावर एक रचलेले थर आलेखात येणारच नाहीत. रचना विस्कळीत झाली किंवा क्लेचे प्रमाण कमी असले, तरीही शिखर पुसट होते. टीईएम, म्हणजे थर प्रत्यक्ष दाखवणारी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक तपासणी, अवश्य करावे. मात्र त्यात नमुन्याचा अगदी लहानसा भागच दिसत असल्याने वितळलेल्या नमुन्याची ऱ्हिऑलॉजी, म्हणजे प्रवाही वर्तनही, तपासावी. नमुना हलवण्याच्या कमी वारंवारितेला स्टोरेज मॉड्युलस (नमुन्याचा स्थितिस्थापक ताठरपणा) घसरत न जाता जवळजवळ सपाट राहिला, तर थरांचे जाळे नमुनाभर पसरल्याचा तो चांगला पुरावा आहे. हे तिन्ही निष्कर्ष जुळल्यावरच विलगीकरणाचा दावा करावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

उत्तर २
ठिसूळपणाकडे दुर्लक्ष करू नका, कारण तो न फुटलेल्या गठ्ठ्यांमुळे जसा येतो, तसाच पीएलएच्या साखळ्या तुटल्यामुळेही येतो. क्लेमध्ये उरलेले पाणी वितळलेल्या पीएलएमधील एस्टर बंध तोडते, म्हणून दोन्ही घटक निर्वातात नीट वाळवणे अनिवार्य आहे. शिवाय १८० ते २०० अंशांच्या पुढे क्लेवरील अमोनियम संयुगही विघटित होऊ लागते. पुष्कळ जण अशा वेळी स्क्रूचा वेग वाढवतात. त्याने मोठे गठ्ठे फुटतात खरे, परंतु साखळ्यांना थरांमध्ये शिरण्यासाठी वेळही लागतो, आणि अतिवेगाने पीएलएचीच हानी होते. त्याच परिस्थितीत प्रक्रिया केलेल्या नुसत्या पीएलएचा रेणुभार जीपीसीने (रेणूंच्या आकारानुसार वेगळे करणाऱ्या क्रोमॅटोग्राफीने) मोजून फिल्मच्या रेणुभाराशी ताडून पाहा.

उत्तर ३
पीएलएऐवजी स्टार्चची फिल्म करायची असेल, तर यातील क्लेची निवड स्टार्चला जशीच्या तशी लागू करू नये. स्टार्च जलस्नेही असल्यामुळे त्यात प्रक्रिया न केलेले सोडियम मॉन्टमोरिलोनाइटच (सेंद्रिय संयुग न लावलेली मूळ क्ले) बहुधा अधिक चांगले पसरते. मात्र स्टार्च मऊ करण्यासाठी घातले जाणारे ग्लिसरॉल स्वतः थरांमध्ये शिरून स्टार्चची जागा अडवू शकते, हे लक्षात घेऊन त्याचे प्रमाण ठरवावे.