निवड फोनची आणि निवड दुकानाची

आयफोनवर ॲप्स सहसा ॲपलच्याच दुकानातून घ्यावी लागतात. ‘ज्याला ॲपलचे हे बंद ॲप-दुकान मान्य नाही त्याने दुसरा फोन घ्यावा, यालाच मुक्त बाजार म्हणतात’ हा नेहमीचा युक्तिवाद फोन विकत घेण्याच्या क्षणापुरता बरोबर आहे. पुढे मात्र पैसे मोजून घेतलेली ॲप्स आणि अंगवळणी पडलेली व्यवस्था सोडून जाणे इतके जिकिरीचे होते की, ॲपमधील डिजिटल खरेदीवर ॲपल विकसकांकडून (ॲप बनवणाऱ्यांकडून) साधारणपणे ३० टक्के (लहान विकसकांसाठी १५ टक्के) कमिशन आकारते म्हणून सहसा कोणी फोन बदलत नाही.

माझ्या मते खरी मेख कमिशनच्या दरात नसून माहिती दडपण्यात आहे. तीच वर्गणी आमच्या संकेतस्थळावर स्वस्त मिळते, एवढे साधे वाक्यही विकसकाला ॲपमध्ये लिहिता येत नसे. एपिक (व्हिडिओ गेम बनवणारी कंपनी) विरुद्ध ॲपल खटल्यात २०२१ साली अमेरिकी न्यायालयाने ॲपलला मक्तेदार ठरवले नाही (हे बंद दुकानाच्या समर्थकांनी अवश्य सांगावे), पण ही मनाई कॅलिफोर्नियाच्या कायद्यानुसार अनुचित ठरवली. ज्या बाजारात दुसरीकडचा भाव सांगण्यालाच बंदी असते, त्याला मुक्त म्हणणे मला धाडसाचे वाटते.

सुरक्षिततेचा मुद्दा पोकळ नाही. ॲप्सची तपासणी ही खरीखुरी सेवा आहे. परंतु त्याच कंपनीच्या मॅक संगणकावर दुकानाबाहेरचे सॉफ्टवेअर रीतसर बसवता येते, आणि युरोपीय संघात २०२४पासून आयफोनवरही पर्यायी दुकानांना वाट मिळाली आहे. ज्यांना ॲपलच्या तपासणीवरच विसंबायचे आहे, त्यांना तिथेही जुने दुकान उघडेच आहे.