ई-स्कूटर नागपुरात, धूर कोराडीत: फायदा नेमका कुणाचा?

बजाजनगरवाला
मेहुण्यानं ई-स्कूटर घेतली आणि तेव्हापासून तोंडी एकच, 'आपलं तर झिरो पोल्यूशन'. रविवारी त्याला मानकापूरच्या पुढे कोराडी रोडवर नेलं, कोळशाच्या वीज केंद्राच्या धूर ओकणाऱ्या चिमण्या दाखवल्या आणि म्हटलं, ही बघ तुझी टंकी. देशातली जवळपास तीन चतुर्थांश वीज अजून कोळशावरच बनते. मग पेट्रोल जाळलं काय नि कोळसा जाळला काय! मला तर ही स्वतःचीच समजूत घालणं वाटते. पटत नसेल तर आकडे दाखवा.

आकडेमोड
दाखवतो. लिटरभर पेट्रोल जळलं की साधारण २.३ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. गाडी लिटरला ४५ किलोमीटर देते असं धरू (बर्डीच्या गर्दीत देऊन दाखवा म्हणा). झाले किलोमीटरला ५१ ग्रॅम. ई-स्कूटरला किलोमीटरला ३० वॅट-तास लागतात, चार्जर आणि तारांमधला तोटा धरून ४० म्हणू. देशाच्या ग्रिडवर, म्हणजे वीजजाळ्यात, युनिटमागे (हजार वॅट-तासांमागे) सुमारे ०.७ किलो, म्हणजे किलोमीटरला २८ ग्रॅम. मेहुण्याची सगळी वीज कोळशाचीच असं मानलं तरी आकडा ४० च्या पुढे फारसा जात नाही. पेट्रोलचं इंजिन इंधनातली बहुतेक ऊर्जा नुसती गरम होण्यात घालवतं.
बॅटरी बनतानाचा धूर वेगळा. तो वसूल व्हायला काही हजार किलोमीटर जातात, हे खरं आहे. पण पेट्रोलची गाडी पंधरा वर्षांनीही तेवढंच ओकणार. विजेची गाडी मात्र ग्रिड सुधारलं की घरबसल्या सुधारते.

कोराडी रोड
भाऊ, तुम्ही ग्रॅम मोजून राहिले. इथं गच्चीवर बोटानं नाव लिहिता येते. दोरीवरचा पांढरा शर्ट संध्याकाळी काढा, कॉलरीच्या घडीत करडी रेघ. कोराडी अन् खापरखेड्याची वीज केंद्रं मिळून साडेतीन हजार मेगावॅटच्या आसपास, मौद्याचं वेगळं. त्याच्यावर कोराडीत ६६० मेगावॅटचे आणखी दोन वीजसंच टाकायचे म्हणून २०२३ मध्ये जनसुनावणी झाली. गाड्या विजेवर गेल्या की वीज जास्त लागन. ती कोणाच्या उरावर? धरमपेठची हवा साफ, राख आम्हाले.

बजाजनगरवाला
हेच तर म्हणत होतो.

आकडेमोड
राखेचं दुःख खरं आहे, त्यावर वाद नाही. पण संच स्कूटरसाठी लागतात, हे चूक. रोज ३० किलोमीटर चालणाऱ्या स्कूटरला सव्वा युनिट लागतं. अशा एक लाख गाड्या म्हणजे दिवसाला सव्वा लाख युनिट. ६६० चा एक संच पूर्ण क्षमतेनं चालला तर दिवसाला दीड कोटीहून जास्त युनिट देतो. शंभरावा हिस्साही नाही.

गच्चीवरून
खरा खादाड एसी आहे. माझा दीड टनाचा मे महिन्यात रात्रभरात ७-८ युनिट खातो, म्हणजे सहा स्कूटर. कूलरला २०० वॅट पुरतात, ताट्या बदलल्या नि पाणी भरलं की झालं. पण मृग लागला की कूलर नुसता दमट वारा फेकतो, तेव्हा तत्त्वं गळून पडतात.
गच्चीवर ३ किलोवॅटचं सोलर आहे. सूर्यघर योजनेत ७८,००० अनुदान मिळालं. दिवसाला १२ युनिटच्या आसपास येतात आणि बिल जवळजवळ शून्य. मात्र रात्री नऊला एसी चालतो तो बहुतेक कोळशावर, हे कबूल. बिल शून्य आलं म्हणून धूर शून्य होत नाही.

भाकरवाली
आता माझं ऐका. 'गॅस सोडा, इंडक्शन घ्या' म्हणून मागे लागणारे एक सहकारी आहेत. १४.२ किलोचं सिलिंडर जळून ४२ किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड होतो. तेवढाच स्वयंपाक इंडक्शनवर करायला माझ्या हिशेबानं ११०-१२० युनिट लागतील. आकडेमोड यांचाच दर लावा: ८० किलो. दुप्पट! वरून सावजी रस्सा होतो, भाकर फुगत नाही ती नाहीच.

आकडेमोड
मान्य. 'सगळं विजेवर' हे आज इथं सरसकट चालणार नाही. आधी दुचाकी, ऑटो, बस. शेगडीला घाई नाही. हिवाळ्यातल्या गिझरऐवजी गच्चीवर साधा सोलर हीटर बसवला तर वीजच वाचते. आणि गाडी रात्री नाही, दुपारी चार्ज करा, तेव्हा ग्रिडमध्ये सूर्याची वीज जास्त असते.

कोराडी रोड
म्हणजे संच स्कूटरसाठी नाही, तुमच्या एसीसाठी होऊन राहिले. बरं झालं, एकदाचं सांगितलं.

बजाजनगरवाला
मेहुण्याला सगळं वाचून दाखवलं. स्कूटरच्या बाबतीत मी हरलो, लिहून ठेवा. तो आता दुपारी दुकानात चार्ज करणार म्हणतो. दुकानात एसी आहे, यावर मात्र गप्प बसला. गाळा भाड्याचा आहे आणि घरमालक गच्चीवर सोलरला हात लावू देत नाही. इतवारी-महालकडे कुणी घरमालकाला राजी केलं असेल तर कसं केलं ते सांगा.