एचआयव्हीची लस: थायलंडच्या ३१ टक्क्यांवर अजून आशा ठेवायची का?

समुपदेशक_नागपूर
मी इथल्या एका तपासणी केंद्रात समुपदेशक आहे. परवा वाडीच्या ट्रान्सपोर्ट लाइनचा एक ड्रायव्हर रिपोर्ट घ्यायला आला. निगेटिव्ह. कागदाच्या चार घड्या करून त्यानं तो लायसनच्या प्लास्टिक कव्हरमागे सरकवला आणि विचारलं, "मॅडम, कोरोनाची लस वर्षभरात आली, याची काऊन नाही?"

हा विषाणू सारखा रूप बदलतो आणि आपल्याच पेशींच्या जनुकांत दडून बसतो, एवढं सांगितलं. थायलंडचं सांगायचं राहिलं. तिथं २००३ ते २००९ दरम्यान १६ हजारांवर लोकांवर चाचणी झाली आणि लस घेतलेल्यांत लागण सुमारे ३१ टक्क्यांनी कमी दिसली. पुढे २०१२ मध्ये रक्ताचे नमुने तपासले, तर विषाणूच्या आवरणावरच्या व्ही१-व्ही२ भागाला चिकटणारी आयजीजी प्रकारची प्रतिपिंडं (विषाणूला ओळखून चिकटणारी रक्तातली प्रथिनं) ज्यांच्यात जास्त, त्यांना लागण कमी. ही प्रतिपिंडं विषाणूला फारशी निकामी करत नव्हती. पण लागण झालेल्या पेशीवर ती चिकटली की शरीरातल्या मारक पेशींना ती पेशी ओळखू येते, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. हा माग सोडून देऊ नये, असं मला मनापासून वाटतं.

लॅबवाला_कळमना
ताई, आकडे नीट बघा. लस गटात ५१ जणांना लागण, लस न मिळालेल्या गटात ७४. एवढ्या मोठ्या चाचणीत फरक २३ जणांचा! तीच पद्धत दक्षिण आफ्रिकेतल्या सी प्रकाराच्या विषाणूसाठी बदलून वापरली. लस गटात १२९, दुसरीकडे १२३. फेब्रुवारी २०२० मध्ये लस देणं थांबवावं लागलं. भारतातही मुख्यतः सी प्रकारच आहे, म्हणजे आपल्या कामाचा निकाल तो. आणि थायलंडच्याच नमुन्यांत आयजीए या दुसऱ्या प्रकारची प्रतिपिंडं जास्त असलेल्यांना लागणीचा धोका जास्त दिसला होता. प्रतिपिंडं वाढली म्हणजे फायदाच झाला, असं कसं म्हणता येईल?

गोळी_चालू_आहे
माझी एआरटी, म्हणजे एचआयव्ही दाबून ठेवणारी गोळी, १४ वर्षांपासून चालू आहे. मिस्टर नाहीत. मुलगी निगेटिव्ह आहे. लशीची वाट बघण्यात माझा काळ गेला, म्हणून बोलते. लागण होऊ नये म्हणून लेनाकापाविर नावाचं इंजेक्शन सहा महिन्यांतून एकदा घ्यायचं. आफ्रिकेतल्या चाचणीत ते घेणाऱ्या २,१३४ बायका-मुलींपैकी एकीलाही लागण झाली नाही. हैदराबादच्या दोन कंपन्या २०२७ पासून ते गरीब देशांना वर्षाला ४० डॉलरमध्ये देणार म्हणतात. आधी ते आपल्या सरकारी केंद्रांत आणा. ३१ टक्क्यांच्या लशीनं मुलगे बेफिकीर झाले तर पुन्हा आमच्यासारख्या बायकाच भोगतील.

समुपदेशक_नागपूर
ताई, इंजेक्शन हवंच, त्यावर माझा वाद नाही. पण ते औषध आहे, दर सहा महिन्यांनी आठवणीनं यावं लागतं. आमच्याकडे ट्रकवरचा माणूस तीन महिन्यांची तारीख चुकवतो, फोन लावला तर रायपूरला असतो. लशीची शिकवण शरीरात टिकली तर त्याचा तेवढा फेरा वाचेल.

लॅबवाले भाऊ, तुमचे आकडे मान्य. पण तयार प्रतिपिंडं सलाइनमधून देण्याची चाचणीही झाली, २०२१ मध्ये निकाल आला. एकूण फायदा दिसला नाही, मात्र त्या प्रतिपिंडाला बळी पडणाऱ्या विषाणूंपासून सुमारे ७५ टक्के संरक्षण मिळालं. असे विषाणू जेमतेम ३० टक्के निघाले, ही अडचण खरी. म्हणूनच अनेक रूपांना एकदम अडवणारी प्रतिपिंडं शरीरालाच बनवायला शिकवण्यावर काम चालू आहे.

लॅबवाला_कळमना
त्या ७५ टक्क्यांचं वजन मी मानतो. पण आमच्या टेबलावरची गोष्ट सांगतो. आपल्या किट रक्तातली प्रतिपिंडंच शोधतात. लशीनं ती तयार झाली, तर लागण नसलेल्या माणसाचाही रिपोर्ट पॉझिटिव्ह दिसू शकतो. मग विषाणूच शोधणारी वेगळी तपासणी करावी लागते. उद्या चाचणीसाठी नागपूरची पोरं घेतली आणि लग्नाआधी कुणी खासगी लॅबमध्ये साधी तपासणी केली, तर त्या घरात काय होईल? लशीआधी याची सोय लागली पाहिजे.

गोळी_चालू_आहे
हे मला माहीतच नव्हतं. समुपदेशक ताई, चाचणीत भाग घेणाऱ्याला तसं लेखी कार्ड देतात का?

समुपदेशक_नागपूर
चाचणी घेणाऱ्यांनी द्यायला पाहिजे. आणि त्या माणसाची पुढची तपासणीही त्यांनीच फुकट करून दिली पाहिजे.